घरात रायफल ठेवायची तर कोणत्या कॅलिबरची? आधी भिंती बघा, मग काडतूस

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मराठी मंडळींकडून हल्ली हा प्रश्न मला वारंवार येतो. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. नवऱ्याची नोकरी रात्रपाळीची, त्यामुळे आठवड्यातल्या चार रात्री घरात मी, दोन मुलं आणि वर्षातले सहा महिने सांगलीहून येणाऱ्या सासूबाई, एवढेच असतो. रायफल घ्यायचा निर्णय आम्ही दोघांनी वर्षभर विचार करून घेतला. दुकानातला माणूस आणि नेमबाजीच्या रेंजवरचे अनुभवी लोक पहिला प्रश्न एकच विचारायचे, "ताकद किती हवी?" पाच-सहा वर्षं हे सगळं वापरल्यावर माझं मत असं झालंय की तो पहिला प्रश्नच नाही. गोळी चुकली, किंवा लागूनही आरपार गेली, तर पलीकडच्या खोलीत कोण झोपलेलं असेल, इथून सुरुवात करायची. कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी आणि काडतुसाचा प्रकार, त्यातून आपोआप ठरत जातं.

हा लेख अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांबद्दल आहे. भारतातल्या वाचकांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग थोडा. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली अर्धस्वयंचलित रायफली आणि लष्करी बोअरची, म्हणजे लष्करी मापाच्या नळीची, शस्त्रं सामान्य नागरिकासाठी निषिद्ध गटात येतात, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. शिवाय तिकडच्या विटांच्या भिंतींचं गणित अगदीच वेगळं आहे.

आधी कागदपत्रं

ही पायरी आपल्या लोकांकडून सर्रास सुटते आणि तिचे परिणाम सगळ्यात गंभीर असतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. एच-1बी, एच-4, एफ-1, बी-2 हे सगळे त्यात आले. काही अपवाद आहेत. आपल्याला लागू पडणारा मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई लागू होत नाही.

मनाई फक्त विकत घेण्यापुरती नाही, बाळगण्याला आहे. घरी आलेले आईवडील बी-2 वर असतात. "बाबा, जरा हातात धरून बघा" म्हणत त्यांच्या हाती रायफल देणं किंवा मजा म्हणून त्यांना रेंजवर नेणं, हे त्यांनाच अडचणीत आणणारं आहे. सेफचा कोडही त्यांना सांगायचा नाही. आमच्याकडे सासूबाईंना सेफ कुठे आहे ते माहीत आहे, कोड माहीत नाही, आणि तो का सांगत नाही हे मी त्यांना समोर बसून समजावलं आहे.

पुढे राज्याचा कायदा. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट इथे एआर-15 या अर्धस्वयंचलित रायफलीच्या धर्तीच्या शस्त्रांवर आणि मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, क्षमतेवर कडक बंधनं आहेत. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मैत्रिणीने टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझं बघून खरेदी करू नये. आपापल्या राज्याचा आजचा नियम वाचायचा, शंका असेल तर वकिलाला विचारायचं. घरात शिरलेल्या माणसावर गोळी कधी झाडता येते, हेही प्रत्येक राज्यात वेगळं आहे. ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका.

घराचा नकाशा काढा

एक रविवार यासाठी ठेवा. आलेखाचा कागद, टेप आणि तांबडी पेन्सिल घ्या. प्रत्येक मजल्याचा आराखडा काढा, कोण कुठे झोपतं ते लिहा, डोकं कोणत्या बाजूला असतं तेही लिहा. मग ठरवा की रात्री काचेचा आवाज झाला तर घरातले सगळे कोणत्या खोलीत जमणार. त्या खोलीच्या दाराशी उभं राहून जिथे जिथे नेम धरावा लागेल, तिथून तांबड्या रेघा ओढा आणि त्या भिंतीशी थांबवू नका. भिंतीतून पलीकडे, शेवटच्या खोलीपर्यंत आणि तिथून शेजाऱ्याच्या घरापर्यंत ओढत न्या.

आमच्या नकाशावर सगळ्यात लांब अंतर निघालं 31 फूट, जिन्याच्या टोकापासून मुख्य दारापर्यंत. बहुतेक घरांत ते 15 ते 40 फुटांच्या आतच असतं. म्हणजे तीनशे यार्डांवर कोणती गोळी किती खाली येते, ही रायफलवाल्यांची आवडती चर्चा आपल्या कामाची नाही. दुसरं जे निघालं, त्याने माझी झोप उडाली. मुख्य दाराकडे जाणारी तांबडी रेघ दाराच्या डाव्या बाजूला जेमतेम दीड हात सरकली की खालच्या पाहुण्यांच्या खोलीतून जात होती, बरोबर सासूबाईंच्या पलंगावरून.

त्याच दिवशी आम्ही पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला आणि आमचं पुस्तकांचं कपाट त्या भिंतीला लावलं. पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट ही काही चिलखती भिंत नव्हे, पण नुसत्या ड्रायवॉलपेक्षा ते कितीतरी जास्त अडवतं.

तुमची भिंत कशाची आहे

आतल्या भिंती बहुतेक सगळीकडे सारख्याच असतात. दोन्ही बाजूंना अर्धा इंच जाडीचा जिप्समचा पत्रा, म्हणजे ड्रायवॉल, मध्ये साडेतीन इंचांची पोकळी आणि दर 16 इंचांवर लाकडी उभा दांडा. दांड्याला नेमकी गोळी लागेल हे कुणाच्या हातात नसतं. त्यामुळे हिशोब धरायचा तो एक इंच खडूसारख्या मऊ पदार्थाचा. अपार्टमेंट किंवा टाउनहाउसमध्ये शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंतीला आगीपासून संरक्षणासाठी बऱ्याचदा पाच अष्टमांश इंचाचा पत्रा असतो, कधी दुहेरी. गोळीच्या दृष्टीने तोही फार मोठा अडसर नाही. बाहेरून विटा दिसल्या तरी अनेक घरांत त्या फक्त पुढच्या बाजूला असतात. बाजूंना आणि मागे पातळ फळ्याच. आमच्याही घराचं तसंच आहे.

एका मित्राच्या शेतावर आम्ही ड्रायवॉलचे तुकडे लाकडी चौकटीत दोन-दोनच्या जोड्या करून एकामागे एक उभे केले आणि त्यातून गोळ्या झाडून पाहिल्या. 9 मिमी पिस्तुलाच्या गोळीने पहिल्या पत्र्याला पाडलेलं भोक बोटाने चाचपलं, गोल आणि स्वच्छ. सहाव्या पत्र्याचंही जवळजवळ तसंच. गोळी सरळ रेषेत, तोंड पुढे करून निघून गेली होती. मग .223 या रायफलीच्या काडतुसाची 55 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलकी गोळी झाडली. पहिल्या पत्र्याला बारीक गोल भोक, तिसऱ्याचं जरा लांबट, आणि पाचव्याला किल्लीच्या भोकासारखी आडवी चीर, आजूबाजूला टाचणीने टोचल्यासारखी सहा-सात छिद्रं. गोळी आडवी होऊन कोलांट्या खात होती आणि तिचे तुकडे व्हायला लागले होते. तरी ती पाचव्या पत्र्याच्याही पलीकडे गेली होती. हे वाक्य पुन्हा वाचा. माणसाला थांबवू शकणारी कोणतीही गोळी घरातल्या एका भिंतीला थांबत नाही. फरक एवढाच, की पलीकडे पोहोचताना तिच्यात किती जोर उरतो.

यामागचं कारण असं. .223 ची गोळी लांबट आणि हलकी असते आणि प्रचंड वेगात असते. तिचं वजन शेपटाकडे जास्त, त्यामुळे कशाला तरी धडकली की तिचा तोल जातो, ती आडवी होते आणि त्या वेगात आडवी झालेली गोळी मधोमध तुटते. पिस्तुलाची गोळी आखूड, जाड आणि संथ. तिचा तोल सहजी जात नाही. हॉलो पॉइंट, म्हणजे लागल्यावर फुलावी म्हणून टोकाला खळगा ठेवलेली, असेल तर तिच्या तोंडाच्या खळग्यात जिप्समचा भुगा भरतो, मग ती पुढे फुलतही नाही आणि साध्या गोळीसारखी आत घुसत राहते. रायफल म्हणजे जास्त ताकद, म्हणून जास्त आरपार, असं आपल्याला वाटतं. ड्रायवॉलच्या बाबतीत हलक्या वेगवान गोळीपुरतं ते खोटं ठरतं.

गोळीने किती आत जायला हवं

याचं मोजमाप एफबीआयने घालून दिलं आहे आणि त्यामागे एक वाईट दिवस आहे. 11 एप्रिल 1986 ला मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच 9 मिमीची गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या साधारण इंचभर अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला, आणि त्याच्या हातात .223 ची रायफल होती. या घटनेनंतर चाचणीची पद्धत ठरली. 10 टक्के जिलेटिनचा ठोकळा, बाहेर अडथळे म्हणून जाड कपडे, ड्रायवॉल, प्लायवूड, पोलादी पत्रा, गाडीची काच, आणि गोळी 12 ते 18 इंच आत गेली पाहिजे. माणसाची छाती 18 इंच खोल नसते. पण मध्ये हात येतो, अंग तिरकं असतं, कपडे जाड असतात, म्हणून ही मर्यादा.

घरासाठी काडतूस निवडताना 12 च्या अलीकडे जायचं नाही आणि 18 च्या पलीकडेही फार जायचं नाही. चांगल्या काडतुसांचे असे आकडे कंपन्या स्वतः छापतात. खोक्यावरची भडक नावं आणि चित्रं सोडून ते आकडे शोधायचे.

आता एकेक कॅलिबर

5.56 आणि .223 हे जवळजवळ जुळे भाऊ. .223 रेमिंग्टन हे नागरी काडतूस 1964 मध्ये बाजारात आलं, 5.56×45 हे त्याचंच लष्करी रूप. 55 ग्रेनची गोळी 20 इंची नळीतून सेकंदाला साधारण 3,250 फूट वेगाने निघते, 16 इंची नळीतून 3,100 च्या आसपास. धक्का इतका कमी की माझ्यासारख्या पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईलाही दुसरी गोळी झाडताना नेम परत धरायला वेळ लागत नाही. काडतूस स्वस्त, सगळीकडे मिळणारं, म्हणून सराव भरपूर होतो. लॉस एंजलिसच्या उत्तर हॉलिवूडमध्ये 28 फेब्रुवारी 1997 ला बँक लुटणाऱ्यांच्या हाती रायफली आणि पोलिसांच्या हाती पिस्तुलं आणि शॉटगन, अशी चकमक झाली. त्यानंतर अमेरिकेतल्या गस्तीच्या पोलिसांकडे याच कॅलिबरच्या रायफली मोठ्या प्रमाणात आल्या. शहरी वस्तीत ती चालवता येते याचं एक कारण भिंतीतलं तिचं वागणं हेच आहे. तिची दुबळी बाजू म्हणजे आवाज आणि आखूड नळी. त्याकडे पुढे येते.

.300 ब्लॅकआउट हे 2011 च्या जानेवारीत अमेरिकी उद्योगाच्या मानकांत आलेलं काडतूस. .223 चीच केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, आखूड करून तिच्या तोंडाशी .30 इंच जाडीची गोळी बसवलेली. एआर-15 ची फक्त नळी बदलली की झालं, बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग) आणि मॅगझिन तेच. याची खुबी अशी की 9 इंच नळीतच त्याची जवळपास सगळी दारू जळते. म्हणजे आखूड रायफलीतूनही 110 ग्रेनची गोळी सेकंदाला 2,000 फुटांपेक्षा जास्त वेगाने निघते, आणि अरुंद पॅसेजमध्ये आखूड रायफल वळवायला खरंच सोपी. जाळ कमी, सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचं आवाज कमी करणारं साधन, असेल तर आवाजही आटोक्यात. पण भिंतीत ही गोळी .223 पेक्षा जास्त हट्टी असते. जड आहे, तिचा तोल उशिरा जातो. चांगली फुलणारी गोळी माणसाच्या शरीरात उत्तम काम करते, पण चुकली तर दोन-तीन खोल्या ओलांडताना तिच्यात बराच जोर शिल्लक असतो.

याच काडतुसाचा दुसरा अवतार म्हणजे सबसॉनिक, 190 ते 220 ग्रेनची गोळी आणि 1,050 फुटांच्या आतला वेग. ध्वनीचा वेग 1,125 फुटांच्या आसपास, त्यामुळे हवेतला तो कडाका होत नाही. शांतपणाच्या मोहाने लोक घरासाठी हेच घेतात. मी घेणार नाही. एवढी लांब, जड, संथ गोळी खास त्या वेगाला फुलेल अशी बनवलेली नसेल तर ती सुईसारखी आरपार जाते, भिंतीतूनही आणि माणसातूनही.

7.62×39 हे एके रायफलीचं काडतूस, सोव्हिएत संघात 1943 मध्ये आखलेलं. 123 ग्रेन, 2,350 फूट. कागदावर ते ब्लॅकआउटच्या वेगवान गोळीसारखंच. स्वस्त मिळणारी पोलादी गाभ्याची किंवा साधी पूर्ण आवरणाची गोळी शरीरात दहा इंच गेल्यावर मग कुठे आडवी होते, तोवर ती बाहेर पडायच्या बेतात असते. घरासाठी ती अजिबात नको. सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली, गोळी घेतली तर हे काडतूस चांगलं काम देतं. आधीपासून एके असेल तर दुसरी रायफल घ्यायची गरज नाही, गोळी बदला.

.308, म्हणजे 7.62×51: 150 ग्रेनची गोळी 2,800 फुटांनी. शिकारीला उत्तम. घरात नाही. धक्का, आवाज, भिंती, सगळंच हाताबाहेर.

राहिली 9 मिमीची कार्बाइन, म्हणजे पिस्तुलाच्या काडतुसाची रायफल. लांब नळीमुळे वेग 1,200-1,300 फुटांपर्यंत जातो. चालवायला सोपी, कानाला रायफलीपेक्षा सुसह्य, आणि घरात त्याच काडतुसाचं पिस्तूल असेल तर साठा एकच. म्हणून लोक तिला "घरासाठी सुरक्षित" म्हणतात, आणि तिथेच माझा आक्षेप आहे. भिंतीत ती .223 पेक्षा जास्त घुसते हे मी त्या पत्र्यांमध्ये डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना रायफलीचा आवाज किंवा धक्का झेपत नाही त्यांनी ती जरूर घ्यावी, पण पलीकडच्या खोलीची काळजी मिटली असं समजू नये.

आमच्यासाठी उत्तर निघालं 5.56, 16 इंची नळी. तुमच्या नकाशावर वेगळं निघू शकतं. आजूबाजूला अर्धा मैल कुणी नाही आणि घरात तुम्ही एकटेच, असं असेल तर ब्लॅकआउट अधिक सोयीचं वाटेल.

कॅलिबरइतकीच गोळीची जात महत्त्वाची

एकाच 5.56 मध्ये कितीतरी वेगळ्या वृत्तीच्या गोळ्या मिळतात. हिरव्या टोकाची 62 ग्रेनची एम855 पुढे पोलादी तुकडा घेऊन येते. ती घरात नको. बऱ्याच रेंजवर दारातच लोहचुंबक लावून काडतुसं तपासतात आणि ही परत पाठवतात. 55 ग्रेनची साधी एम193 वेगात असेल तर तुटते. लष्करी सर्जन मार्टिन फॅकलर यांच्या 1980 च्या दशकातल्या अभ्यासातून पुढे आलेला अंदाज असा की ही तोडफोड साधारण 2,700 फुटांच्या वर भरवशाची असते. वेग त्याखाली गेला की ती नुसतं बारीक भोक पाडून जाते.

सॉफ्ट पॉइंट किंवा प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्या फुलतात, त्या वेगावर कमी अवलंबून असतात. मी 64 ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट ठेवते. बाँडेड गोळीत शिसं तांब्याच्या आवरणाला पक्कं चिकटवलेलं असतं. गाडीच्या काचेतून मारावं लागणाऱ्या पोलिसांना ती हवी, पण न तुटणं हाच तिचा गुण असल्यामुळे भिंतींतूनही ती एकसंध जाते. याउलट ससे-कोल्हे मारायच्या 40-50 ग्रेनच्या नाजूक गोळ्या भिंतीत लवकर फुटतात, पण शरीरातही 12 इंच गाठत नाहीत. "भुगा होणाऱ्या" फ्रँजिबल गोळ्यांबद्दलही सावध राहा. त्या पोलादावर आपटून भुगा होण्यासाठी बनवलेल्या असतात, मऊ ड्रायवॉलवर तसं होईलच असं नाही.

नळी, आवाज, कान

16 इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली वेगळ्या नोंदणीत येते. तिच्यावरचा आणि सप्रेसरवरचा 200 डॉलरचा कर 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला, पण अर्ज, बोटांचे ठसे आणि मंजुरी तशीच आहे. मंजुरीआधी आखूड नळी जोडणं हा संघीय गुन्हा आहे. सप्रेसर 42 राज्यांत बाळगता येतो. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स त्यात नाहीत.

5.56 ची नळी साडेदहा इंच केली की वेग 2,700 च्या आसपास येतो, म्हणजे एम193 चा तोडफोडीचा गुण नळीच्या तोंडाशीच संपायला येतो. वर जाळ आणि दणका वाढतो. आखूडच हवी असेल तर ब्लॅकआउट घ्या, ते त्यासाठीच जन्मलं आहे.

कानाचं मनावर घ्या. एका झटक्यात कायमची इजा होऊ शकते ती पातळी 140 डेसिबल. बंद खोलीत 5.56 चा आवाज 160 च्या वर जातो. सप्रेसर साधारण 25-30 डेसिबल खाली आणतो. सिनेमात दाखवतात तसा "फुस्स" आवाज होत नाही, पण बाळाचे कान वाचण्याची शक्यता निर्माण होते. सप्रेसर नसेल तर इलेक्ट्रॉनिक कानपट्ट्या रायफलीच्या शेजारी ठेवा. त्या बारीक आवाज मोठा करून ऐकवतात आणि दणका अडवतात, त्यामुळे मुलांचे आवाजही ऐकू येतात.

दोन काडतुसं एका घरात नकोत

ही चूक माझ्याच हातून झाली असती. आम्ही काही काळ 5.56 आणि .300 ब्लॅकआउट दोन्ही वापरायचो. एकदा रेंजवरून परतल्यावर मी उरलेली काडतुसं एकाच डब्यात टाकली. पुढच्या वेळी मॅगझिन भरताना अंगठ्याला एक काडतूस जरा बुटकं आणि तोंडाशी जाड लागलं, म्हणून थांबले. ब्लॅकआउटचं काडतूस .223 च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, कधी कधी बसतं. बोल्ट बंद होतो, आणि .30 ची गोळी .22 च्या नळीत घुसायला बघते. रायफल हातातच फुटते. त्या दिवसानंतर आम्ही ब्लॅकआउट विकलं. दोन्ही ठेवायचीच असतील तर मॅगझिन वेगळ्या रंगाची, डबे वेगळे, आणि रेंजवर एका वेळी एकच रायफल न्या.

नळीवर कोरलेलं वाचायची सवय लावा. ".223 Rem" असं इंग्रजीत कोरलेलं असेल तर 5.56 झाडू नका, त्याचा दाब त्या चेंबरसाठी जास्त ठरू शकतो. "5.56 NATO" असेल तर दोन्ही चालतात. "Wylde" असेल तरीही दोन्ही.

जवळून नेम खाली लागतो

एआर-15 वर साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, नळीच्या अडीच इंच वर असते. 50 यार्डांवर नेम जुळवला तर पाच यार्डांवर गोळी लाल ठिपक्याच्या सव्वादोन इंच खाली लागते. घरातलं अंतर हेच आहे. त्यामुळे सोफ्याच्या पाठीवरून किंवा जिन्याच्या कठड्यावरून बघताना ठिपका मोकळा दिसतो, पण नळीसमोर कठडा असतो. रेंजवर पाच, सात आणि दहा यार्डांवर कागद लावून हे स्वतः बघा.

रायफलीवर दिवा हवाच. पण ओळख पटवण्यासाठी प्रत्येक वेळी त्याच दिव्यावर भिस्त ठेवू नका, कारण तो जिथे वळतो तिथे नळीही वळते. पॅसेजमधल्या दिव्याचं बटण आम्ही वरच्या खोलीजवळ घेतलं. सासूबाई येतात तेव्हा पहिले आठ-दहा दिवस त्यांची झोप उलटीपालटी असते. रात्री दोनला उठून ओट्याशी चहा करत असतात, दिवा न लावता, आम्हाला त्रास नको म्हणून. तेव्हा आमच्या घरात नियम आहे. खालून आवाज आला तर मी वरूनच मोठ्याने विचारते, "आई, तुम्हीच ना?" असं विचारून उत्तराची वाट पाहिल्याशिवाय सेफला हात लावायचा नाही. भारतातून पाहुणे आलेल्या प्रत्येक घराने असा एखादा ठरलेला प्रश्न ठेवावा.

निवडलेल्याची खात्री, आणि कुलूप

काडतूस ठरलं की त्याच काडतुसाच्या निदान 200 गोळ्या, घरात ठेवणार त्याच मॅगझिनमधून, न अडकता चालल्या पाहिजेत. महाग पडतं, पण ते करायचंच. सराव स्वस्त काडतुसांवर चालतो, मात्र वर्षातून दोनदा घरातल्या मॅगझिनची काडतुसं रेंजवर संपवून नवी भरायची. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये घालून काढत राहिलं तर गोळी केसमध्ये मागे ढकलली जाते आणि दाब वाढतो.

सेफ बटणांचा, भिंतीला बोल्टने घट्ट आवळलेला, अंधारात चाचपून उघडता येईल असा घ्या. टेक्सासमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. इतर अनेक राज्यांतही असे कायदे आहेत. आमच्याकडे मॅगझिन लावलेली पण चेंबर रिकामी, अशी रायफल सेफमध्ये असते. मुलांना बंदूक हा विषय निषिद्ध केलेला नाही. दिसली तर हात लावायचा नाही, खोलीबाहेर पडायचं, मोठ्यांना सांगायचं, हे धाकट्याला चौथ्या वर्षापासून पाठ आहे.

गेल्या महिन्यात सासूबाई सांगलीला परतल्या आणि थोरल्याने खालची खोली मागून घेतली. त्याने पलंग पुन्हा जुन्या भिंतीला लावला, खिडकीतून झाड दिसतं म्हणून. मी टेप घेऊन खाली गेले, नवा कागद काढला आणि रेघा परत ओढल्या. पुस्तकांचं कपाट आता त्याच्या उशाशी आहे.